तिसऱ्या वळणावरचा बेडूक

पान सत्तेचाळीसवर अर्धं पान कोरं राहिलं आणि वेलांटीकाकांच्या सरळ आयुष्याची वाट लागली.

वेलांटीकाका हे त्यांचं नाव नव्हे, हे उघडच आहे. एका छापखान्यात ते एकतीस वर्षं मुद्रितं तपासत होते. लेखकाने पहिली वेलांटी द्यावी आणि काकांनी ती दुसरी करावी, असं चालायचं, म्हणून छापखान्यातल्या कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. काकांची त्याला हरकत नव्हती. माणसाला कशावरून तरी ओळखलं जावं. टकलावरून ओळखलं जाण्यापेक्षा हे बरं, असं ते म्हणत. टक्कलही होतंच.

मालकांनी त्या वर्षी एक छोटं पुस्तक काढायला घेतलं होतं : 'वाटेवरची नवलं'. लांबच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबाने गाडी कुठे थांबवावी, काय बघावं, याची माहिती. उलटं बांधलेलं घर, चौदा माणसं बसतील अशी खुर्ची, बुटाच्या आकाराची पाण्याची टाकी, अशी एकूण साठ ठिकाणं. मजकूर इकडून तिकडून पत्रं पाठवून गोळा केलेला होता. शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, मशीनवर चढायच्या दिवशी बातमी आली, की सत्तेचाळीसाव्या पानावरची जगातली सर्वांत मोठी किटली तिच्या मालकाने भंगारात घातली. किटली काढली. अर्धं पान मोकळं झालं.

"भरा काहीतरी," मालक म्हणाले. "कोरी जागा दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला कमी माल दिला."

"काय भरू?"

"तुम्ही एकतीस वर्षं दुसऱ्यांचं वाचताय. चौदा ओळी लिहिता येत नाहीत?"

हे काकांना लागलं. मशीनवाला हात पुसत दारात उभा होता. काकांनी लाल पेन्सिल ठेवली, काळी उचलली आणि खाली मान घालून चौदा ओळी लिहिल्या. मोठ्या पुलापलीकडे, तिसऱ्या वळणावर, उजव्या हाताला, एक दगडी बेडूक. मोटारीएवढा. पाठीवर तीन माणसं आरामात बसतात. त्याच्या कानात मनातली गोष्ट सांगितली तर तो ती कुणालाही सांगत नाही. हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर काकांना जरा बरं वाटलं, कारण ते तरी शंभर टक्के खरं होतं.

पूल खरा होता. एकदा कुणाच्या तरी लग्नाला जाताना काका त्यावरून गेले होते. वळणं त्यांनी मोजली नव्हती. पण पूल म्हटला की पुढे तीन वळणं असणारच, असा त्यांचा अंदाज.

पुस्तक निघालं. पहिल्या वर्षी वाचकांची सात-आठ पत्रं आली. बेडूक सापडला नाही. पुन्हा शोधला, सापडला नाही. एकाने लिहिलं, 'आम्ही चौथ्या आणि पाचव्या वळणापर्यंत गेलो, मुलं रडू लागली.' टपाल काकांच्याच टेबलावर येत असल्यामुळे ही पत्रं त्यांनी खणात तळाशी ठेवली आणि वर शब्दकोश ठेवला. दुसऱ्या वर्षी पत्रं यायची थांबली. लोकांनी पुस्तकं वाचणं सोडलं असावं, असं म्हणून काकांनी समाधान मानलं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला या गोष्टीचं समाधान वाटावं, यावरून ते किती खाली घसरले होते ते कळेल.

तिसऱ्या वर्षी रस्ते खात्याचा लिफाफा आला.

खात्याने हमरस्त्यालगतच्या प्रेक्षणीय स्थळांना पाट्या लावायचं ठरवलं होतं. आधार म्हणून 'वाटेवरची नवलं' घेतलं होतं, याचा मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी पत्र सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद असा होता : 'पृष्ठ क्रमांक ४७ वरील दगडी बेडूक या स्थळाबाबत लेखकाने प्रत्यक्ष जागेवर हजर राहून ओळख पटवून द्यावी व तसा दाखला लिहून द्यावा.'

काकांनी मालकांना बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. मालक शांतपणे ऐकत होते.

"नव्हताच?"

"नव्हताच."

"मग असं सांगा," मालक म्हणाले, "की होता, पण रस्ता करताना फोडला. खडी केली. रस्ते खात्यानंच केली म्हणावं. तेच गप्प बसतील."

काका म्हणाले, आपल्याला हे जमणार नाही. मालक म्हणाले, चौदा ओळी जमल्या, ही तर एकच आहे. आणि जाता जाता, दारातून वळून, अगदी सहज म्हणाले, "दुसरी आवृत्ती खात्याच्या शिफारशीनं निघायची आहे, काका. बघा बुवा. तुमच्यावर आहे सगळं."

घरी आल्यावर काकांनी काकूंना सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि नवऱ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं.

"तुम्ही? मनानं लिहिलंत?"

"हो."

"मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्हाला स्वतःचं एक वाक्य सुचत नाही."

गुन्हा कबूल करायला गेलेल्या माणसाला शाबासकी मिळाली तर त्याने तोंड कुठे लपवावं, हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही. काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिथे वरच्या मजल्यावरून निवृत्त बँकवाल्यांचा आवाज आला. त्यांना पत्राची बातमी आधीच लागलेली होती. इमारतीत बातमी जिना चढून जायची, उतरायची मात्र नाही. ती त्यांच्यापाशीच मुरायची.

"त्या बेडकाचं ना? पाहिलाय मी," बँकवाले म्हणाले. "लहानपणी. बसलोय त्याच्यावर. डावा डोळा जरा फुटका आहे."

"अहो, तो नाहीच आहे," काका म्हणाले. "मी आपला लिहिला."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं नाही हो. पण मी तो बेडूक..."

"तुम्ही लिहिला असेल. मी बसलोय."

ज्याने बेडूक जन्माला घातला त्याचं कुणी ऐकेना, आणि वर साक्षीदार तयार. बँकवाल्यांनी सल्लाही दिला. कुठल्याही खात्यात जाताना तीन प्रती न्याव्यात, आवाज खाली ठेवावा आणि पेन स्वतःचं न्यावं.

काका तीन प्रती घेऊन रस्ते खात्यात गेले. सत्तेचाळीसाव्या पानावरचं स्थळ यादीतून वगळावं, असा साधा अर्ज होता. खिडकीतल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि एक छापील नमुना पुढे सरकवला. 'स्थळ वगळण्याचे कारण : (अ) पडले, (ब) चोरीस गेले, (क) रस्तारुंदीकरणात गेले. योग्य पर्यायावर खूण करावी. सोबत स्थळाचे अलीकडचे छायाचीत्र जोडावे.'

"यात 'नव्हतंच' असं कुठे लिहायचं?" काकांनी विचारलं.

"तसा पर्याय नाही."

"आणि नसलेल्या गोष्टीचं छायाचित्र कसं काढू?"

"मग ती नाही हे कशावरून?" कारकून म्हणाला. तो उद्धट नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. थोडा विचार करून त्याने मदतही केली. "चोरीस गेलं असं लिहा. फक्त तक्रारीचा क्रमांक लागेल."

मोटारीएवढा दगडी बेडूक चोरीला गेल्याची तक्रार आपण चौकीत जाऊन देतो आहोत, हे दृश्य काकांनी डोळ्यांसमोर आणलं. चोराचं वर्णन विचारतील. त्यांनी अर्ज घडी करून खिशात घातला. निघताना मात्र राहवलं नाही म्हणून नमुन्यातल्या 'छायाचीत्र' या शब्दाची दुसरी वेलांटी पहिली करून दिली. कारकुनाने, सरकारी कागदावर खाडाखोड केली म्हणून त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

आता एकच वाट राहिली होती. जागेवर जायचं आणि खडी झाली म्हणायचं.

ठरलेल्या दिवशी सकाळी खात्याची जीप दारात आली. खात्याकडून एक तरुण अभियंता बाई आल्या होत्या, डोक्याला टोपी, हातात मोजपट्टी, बोलणं मोजकं. काका पुढे बसायला गेले तर मागे बँकवाले आधीच बसलेले.

"साक्षीदार लागतो," ते म्हणाले.

काकूही निघाल्या. "तुम्ही लिहिलेलं पहिल्यांदाच बघायला मिळणार," असं त्या म्हणाल्या. तो टोमणा होता की काय, हे काकांना बत्तीस वर्षांच्या संसारानंतरही ओळखता आलं नाही.

वाटेत काका मनातल्या मनात वाक्य घोळवत होते. 'इथेच होता, पण रुंदीकरणात फुटला असावा.' 'असावा' घातलं की खोटं जरा सौम्य होतं. मग वाटलं, 'इथेच' हेसुद्धा खोटं आहे. 'इथे कुठेतरी' म्हणावं. पण 'होता' राहिलंच. ते काढलं तर वाक्यात उरत काय होतं? एरवी दुसऱ्याच्या हस्तलिखितात असं वाक्य आलं असतं तर काकांनी समासात लाल प्रश्नचिन्ह घातलं असतं. इथे समास नव्हता. जीप धक्के देत होती.

पूल आला. पूल संपला. पहिलं वळण आलं. काकांनी रुमाल काढला. दुसरं वळण आलं.

"मॅडम," काका म्हणाले, "मला जरा सांगायचं होतं. तो बेडूक जो होता ना..."

जीप तिसऱ्या वळणावर वळली आणि थांबली.

उजव्या हाताला बेडूक बसला होता.

मोटारीएवढा. करड्या रंगाचा, रुंद तोंडाचा, पुढचे पाय पसरून फतकल मारलेला. त्याच्या पाठीवर एक कुटुंब फोटोसाठी बसलं होतं. मोजून तीन माणसं. शेजारी चहाची टपरी, टपरीसमोर पाच-सहा गाड्या. आणि बेडकाच्या डोक्यावर, दोन्ही बाजूंना, गाईला असतात तसे दोन ठसठशीत कान.

काका जीपमधून उतरलेच नाहीत. त्यांना वाटलं, आपल्याला काहीतरी झालंय. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू बेडकाकडे पाहत होत्या.

"मी काय म्हणत होतो?" बँकवाले खाली उतरत म्हणाले. "तोच. थोडा लहान वाटतोय. झिजलाय."

"बेडकाला कान कुठे असतात?" काकू हळूच म्हणाल्या.

काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'त्याच्या कानात मनातली गोष्ट सांगितली तर.' एकतीस वर्षं त्यांनी जगाचे ह्रस्व-दीर्घ काढले आणि स्वतःच्या चौदा ओळींत बेडकाला कान दिले. कुणाच्या लक्षात आलं नाही. मशीनवाल्याच्या नाही, मालकांच्या नाही, वाचकांच्या नाही. ज्याने हा बेडूक घडवला त्याने मात्र शब्दन् शब्द वाचला होता. आपलं लिखाण इतक्या काळजीने कुणीतरी वाचलं, हे कळून काकांना अभिमान वाटावा की लाज, ते ठरेना. लाजेने बाजी मारली.

अभियंता बाईंनी मोजपट्टी काढली आणि त्या कामाला लागल्या. बँकवाले डावा डोळा तपासायला गेले. काका कसेबसे उतरून टपरीपाशी गेले. टपरीवर पन्नाशीच्या एक बाई चहा गाळत होत्या. काकांच्या हातातलं पुस्तक पाहून त्यांचा हात थांबला.

"तुम्ही पुस्तकातले?"

"हो. म्हणजे ते मी..."

"बसा," बाई म्हणाल्या. बसा असं म्हणाल्या, पण बाकाकडे असं बोट दाखवलं की शाळेची आठवण यावी. काका बसले.

"पहिल्या वर्षी दिवसातून दहा वेळा सांगत होते मी. नाही हो, इथे बेडूक नाही. माणसं माझ्यावरच चिडायची. पुस्तकात आहे म्हणायची. तुम्ही दडवलाय म्हणायची. एकानं टपरीच्या मागे जाऊन बघितलं. मोटारीएवढा बेडूक मी टपरीमागे ठेवीन का?"

"नाही," काका म्हणाले.

"चहाही न घेता जायची, रागानं. शेवटी घरात म्हटलं, रोज नाही म्हणत बसण्यापेक्षा करून टाकू. माझा दीर गवंडी आहे. पुस्तक पुढ्यात ठेवून केलाय त्यानं. तुम्ही आपलं लिहिलंत, पाठीवर तीन माणसं बसतात. त्या एका ओळीपायी सळई किती लागली, माहीत आहे? एक माणूस बसतो असं लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

काकांनी मान खाली घातली.

"आणि डोळ्यांचा रंग का नाही लिहिलात? घरात दोन आठवडे भांडणं झाली. कानांवरून तर दीर म्हणत होता, बेडकाला कान नसतात. मी म्हटलं, शिकलेली माणसं आहेत ती. उगीच लिहिणार नाहीत."

हे वाक्य काकांच्या जिव्हारी लागलं. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलं कसलं? टपरी चालते आता. मुलगी शिकायला गेली शहरात." बाई खाली वाकून चूल सारखी करू लागल्या, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "पण त्या मॅडम काय मोजतायत? जागा रस्त्याची आहे ही. खात्याच्या माणसांना मी मागेच सांगितलंय, आजेसासऱ्यांच्या वेळेपासून आहे म्हणून."

तेवढ्यात अभियंता बाई आल्या. त्यांनी येता येता बेडकाच्या पोटावर बोटाने टकटक केलं होतं, आणि ते पोकळ वाजलं होतं. काकांना ते टपरीपर्यंत ऐकू आलं होतं.

"काका, इकडे या जरा," त्या म्हणाल्या. "हे बघा, माझ्याकडे दोन रकाने आहेत. नैसर्गिक किंवा बांधकाम. बांधकाम असेल तर ते अतिक्रमण. मग नोटीस आणि मग पाडायचं. टपरीसकट. नैसर्गिक म्हणावं तर..." त्यांनी कानांकडे पाहिलं. "...जरा अवघड आहे."

"तेच कान आहेत," बँकवाले मधेच म्हणाले. "पूर्वीही असेच होते."

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"तिसरा काही मार्ग?" काकांनी विचारलं.

"एक आहे. आमचं सर्वेक्षण मागच्या वर्षी झालं. त्याआधीची छापील नोंद असेल तर ते जुनं स्थळ धरतात. जुनं स्थळ पाडत नाहीत, तपासणी चालू ठेवतात. पण लेखकानं तसं लिहून द्यायला हवं. तुमच्या सहीनं. तुम्ही लिहाल ते मी जोडेन."

टपरीवरच्या बाई कप विसळत होत्या. एकच कप बराच वेळ विसळत होत्या.

काका बाकावर बसले. मांडीवर कागद ठेवला. हे सगळं खोट्याने सुरू झालं होतं, आणि आता खरं सांगितलं तर एका बाईची टपरी जाणार होती. खोटं सांगितलं तर इतकी वर्षं जपलेलं काहीतरी जाणार होतं. ते काय होतं हे त्यांना नीट सांगता आलं नसतं, पण ते होतं. त्यांनी एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, खोडली. काकू शेजारी येऊन बसल्या. वारा होता म्हणून त्यांनी कागदाचा कोपरा धरून ठेवला. जीपवाला दुसरा चहा प्यायला. शेवटी काकांनी स्वतःचं पेन नीट धरलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'सदर बेडकाची नोंद दोन वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या पृष्ठ ४७ वर आहे. नोंदीत वर्णन केलेला बेडूक, वर्णन केलेल्या जागी, वर्णनाबरहुकूम, कानांसह, मी आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.'

त्यांनी ते तीनदा तपासलं. प्रत्येक शब्द खरा होता. एक मात्रासुद्धा खोटी नव्हती.

अभियंता बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग काकांकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसल्या.

"काका, तुम्ही आधी कुठल्या खात्यात होता?"

कागद फायलीत गेला. रकान्यात त्यांनी लिहिलं, 'तपासणी चालू.' अशा तपासण्या किती काळ चालतात, असं काकूंनी विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांच्या आधीच्या साहेबांच्या आधीच्या साहेबांनी सुरू केलेल्या दोन अजून चालू आहेत. टपरीवाल्या बाईंनी सगळ्यांना पुन्हा चहा दिला. काकांच्या कपात आलं जास्त घातलं होतं.

महिन्याभरात वळणावर पाटी लागली. मालकांनी दुसऱ्या आवृत्तीवर खात्याची शिफारस छापली. बँकवाल्यांनी इमारतीत सांगितलं, की ते वेळेवर गेले म्हणून बेडूक वाचला. काकांनी प्रतिवाद केला नाही. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी फक्त डोळ्यांचा रंग घातला. आणि मनाशी पक्कं ठरवलं, की यापुढे स्वतः पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

मग एका सोमवारी टपालात एक कार्ड आलं. कुठल्याशा लांबच्या रस्त्यावरच्या टपरीवाल्याचं होतं. अक्षर गिचमिड, वेलांट्या सगळ्या पहिल्या.

'आमच्या वळणावर काहीच नाही. गाड्या थांबत नाहीत. आपण काहीतरी लिहावे, पुढचे आम्ही बघून घेऊ. हत्ती लिहू नये, सिमेंट फार जाते. बसका प्राणी असेल तर बरे. पाय कमी असावेत.'

काकांनी कार्ड घरी आणलं. जेवण झाल्यावर टेबलापाशी बसून उत्तर लिहिलं. 'असे लिहिता येत नाही. आधी करा, सिमेंट वाळले की कळवा. मी येऊन पाहीन, मग लिहीन.' हे उत्तर त्यांना फारच आवडलं. त्यात तत्त्व होतं.

कार्ड पेटीत टाकायला निघाले तेव्हा काकूंनी ते मागून घेतलं. वाचलं. मग काकांचंच पेन घेऊन खाली राहिलेल्या जागेत एक ओळ घातली : 'कासव करा. मान आत घेतलेलं करा, लवकर होईल.'

काकांनी ती ओळ तपासली. चूक नव्हती. ते चपला घालून पेटीकडे निघाले.